टिपणीस-सेन्सेईंना कुणीतरी वर उडवा

टोकियोच्या निशी-कसाईत राहणाऱ्या मराठी माणसांच्या इच्छा साधारण ठरलेल्या असतात. कुणाला स्टेशनच्या जवळ घर हवं असतं, कुणाला सकाळी तोझाई लाइनवर टेकायला जागा हवी असते, कुणाला मुलांनी निदान जेवताना तरी मराठीत बोलावं असं वाटत असतं. हेमचंद्र टिपणीसची इच्छा यांतल्या कुठल्याच खणात मावत नाही. वय पन्नाशीला टेकलेलं, वजन नव्वदीकडे निघालेलं, आणि इच्छा अशी, की पाच-सहा पोरापोरींनी आपल्याला उचलावं, वर फेकावं, झेलावं आणि पुन्हा वर फेकावं.

जपानात याला 'दोआगे' म्हणतात. स्पर्धा जिंकली की संघ आपल्या गुरुजींना घेरतो, आडवं करतो आणि आकाशात उडवतो. गुरुजी एका हाताने चष्मा सांभाळत खालीवर होतात आणि बाकीचे ओरडतात. टीव्हीवर हा प्रकार दिसला की हेमचंद्र म्हणायचा, काय हा पोरकटपणा, एखाद्याचा मणका सटकला म्हणजे कळेल. गेल्या नोव्हेंबरपासून तो असं म्हणेनासा झाला.

त्या नोव्हेंबरात घडलं ते असं. हेमचंद्र टोकियोतल्या एका सेन्मोन गाक्कोत शिकवतो. म्हणजे बारावीनंतर दोन वर्षांत हाताला काम शिकवून मुलांना नोकरीच्या दारात उभी करणारी शाळा. मोटारी, सेन्सर आणि त्यांना चालवणारे प्रोग्राम हा त्याचा विषय. शाळेत विद्यार्थ्यांचं एक यंत्रमंडळ आहे आणि हेमचंद्र त्या मंडळाचा 'कोमोन', म्हणजे सल्लागार शिक्षक. दर वर्षी अशा तंत्रशाळांमध्ये मुलांनी बनवलेल्या यंत्रांची स्पर्धा होते. प्रेक्षकांत कंपन्यांची माणसं बसलेली असतात, त्यामुळे पोरांच्या दृष्टीने ती स्पर्धा कमी आणि मुलाखत जास्त. गेल्या वर्षी आपली मंडळी चौथी आली. हेमचंद्रने फळ्यावरचे गुण पाहिले, तोंडातल्या तोंडात बेरीज केली आणि तरातरा परीक्षकांच्या टेबलाकडे चालू लागला.

बेरीज खरंच चुकली होती. हेमचंद्रने ते नियमावलीतल्या कलमांसकट सिद्ध केलं. परीक्षकांनी वाकून माफी मागितली आणि चौथा नंबर तिसरा झाला. ही बातमी पोरांना स्वतःच्या तोंडाने सांगायची म्हणून हेमचंद्र धापा टाकत परत आला, पण ती ध्वनिक्षेपकावरून त्याच्या आधी पोचली होती. पोरांनी दोआगे सुरूसुद्धा केला होता. आणि हवेत होते कुरिहारा-सेन्सेई.

हे कुरिहारा-सेन्सेई, म्हणजे कुरिहारा सर, मंडळाचे उप-कोमोन. एका मंडळाला दोन शिक्षक हवेत असा शाळेचा नियम आहे, त्या नियमातून निर्माण झालेली ही व्यक्ती. निवृत्तीला आलेले, ड्रॉइंग शिकवणारे, किडकिडीत. हेमचंद्रचं म्हणणं असं, की त्या दिवशी कुरिहारांनी केलेलं एकमेव काम म्हणजे ते तिथे उभे होते. शिवाय त्यांचं वजन पन्नास किलो. कुणीही उडवेल. वाऱ्यानेसुद्धा उडाले असते.

घरी येऊन त्याने हे सगळं जयंतीला सांगितलं. जयंती त्याची बायको, मध्य टोकियोतल्या एका बँकेत संगणकाचं काम करते आणि ऑफिसातली भांडणं ऑफिसातच ठेवून घरी येते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तुझं नक्की दुखणं काय? ते उडाले हे, की तू उडाला नाहीस हे?"

हेमचंद्र म्हणाला, प्रश्न न्यायाचा आहे.

"मग न्यायाला उचलायला माणसं किती लागतील, त्याचाही विचार कर," जयंती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

हेमचंद्र टिपणीस हा पुण्यातल्या कोथरूडचा. त्याच्या घराण्यात हरलेला वाद कुणाला आठवत नाही. वडील दूधवाल्याशी, आजोबा नगरपालिकेशी आणि एक काका थेट रेल्वेशी भांडून जिंकलेले. स्वतः हेमचंद्र एका पुणेरी कंपनीतर्फे टोकियोत आला, पहिल्याच वर्षी जपानी साहेबाला त्याच्याच वेळापत्रकातली चूक दाखवली, ती मान्यही झाली, आणि पुढच्या वर्षी कंत्राट वाढलं नाही. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे असं त्याला आजही वाटत नाही. मग तो या शाळेत लागला आणि इथे मात्र रमला. वाद घालताना तो आधी चष्मा नाकावर वर सरकवतो, मग करंगळीपासून एकेक बोट मोडत मुद्दे मांडतो. अंगठ्यापर्यंत पोचला की समोरच्याने जोडे घालून निघावं हे उत्तम.

मुलांवर त्याचा जीव आहे, यात मात्र खोट काढता येणार नाही. इतर शिक्षक कोमोनगिरी अंगावर पडलेली म्हणून करतात. हेमचंद्र ती लग्नघर असल्यासारखी करतो. कुणाचं सोल्डरिंग कच्चं, कुणाला मुलाखतीला घालायला धड कोट नाही, कुणाचा बाइतो, म्हणजे पार्ट-टाइम नोकरी, परीक्षेच्या आड येतोय, हे सगळं त्याला पाठ. शनिवारी येतो, सुट्टीत येतो, आणि आल्यापासून बोलत असतो. पोरांच्या हातातला पाना काढून घेऊन 'असं नाही, असं' करून दाखवतो. नाव सल्लागाराचं, तेव्हा त्याने सल्ले द्यावेत, हे त्याला सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट आहे.

कुरिहारा-सेन्सेई खिडकीशी खुर्ची टाकून थर्मासातला चहा पितात. पोरांनी काही विचारलं तर "अस्सं?" म्हणतात. पोरं अजून थोडं सांगतात. ते पुन्हा "अस्सं होय?" म्हणतात. एवढ्यावर पोरांना स्वतःलाच उत्तर सुचतं आणि ती कुरिहारांचे आभार मानून जातात. हा सोहळा हेमचंद्र रोज बघतो. आपण तासभर समजावून सांगितलेलं पोरं 'हाय, हाय', म्हणजे 'हो, हो', म्हणत ऐकतात, आणि या गृहस्थाच्या दोन 'अस्सं'वर त्यांचे चेहरे उजळतात.

सगळ्यात जास्त उजळायचा तो चिनात्सुचा. ही मंडळाची प्रमुख, एकोणीस वर्षांची, तिच्याइतकं अचूक वायरिंग हेमचंद्रने उमेदीच्या काळात स्वतःही केलं नव्हतं. बोलते इतकं हळू, की वर्गात हजेरीला तिने दिलेली ओ फक्त पहिल्या बाकापर्यंत पोचते. हेमचंद्रची ती लाडकी विद्यार्थिनी. आणि ती आपला डबा घेऊन कुरिहारांच्या खुर्चीपाशी बसते.

हेमचंद्रने उपाय सुरू केले. पहिला उपाय खाण्याचा. मंडळाच्या पोरांना शिक्षकाने अधूनमधून खाऊ आणायचा, अशी इथे रीत आहे. कुरिहारा कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, साध्या बर्फाच्या कांड्या आणायचे. हेमचंद्रने जयंतीला सुट्टीच्या सकाळी उठवून बटाटेवडे तळून घेतले आणि ते पदराखालच्या बाळासारखे जपत भुयारी रेल्वेतून नेले. पोरांनी एकेक वडा दोन्ही हातांत धरून खाल्ला, फार छान आहे म्हणाली, कृतीही विचारली, आणि तिखटाने तोंड भाजल्यामुळे कुरिहारांकडे पाहून विचारलं, आज बर्फाच्या कांड्या नाहीत का.

दुसरा उपाय खुर्चीचा. जागेची अडचण हे कारण सांगून त्याने कुरिहारांची खुर्ची खिडकीपासून हलवून मागच्या कोपऱ्यात, हवेच्या कॉम्प्रेसरजवळ ठेवली. कुरिहारांनी मनापासून आभार मानले. म्हणाले, गुडघे दुखतात आणि त्या यंत्राची ऊब चांगली लागते. आठवड्याभरात पोरांनी कामाची दोन टेबलं ओढत त्या कोपऱ्यात नेली. खिडकीपाशी आता ऐसपैस जागा झाली, आणि तिथे हेमचंद्र एकटा उभा राहू लागला.

यंदाच्या स्पर्धेचा विषय होता टोफू. यंत्राने एक मऊ टोफू थाळीत घेऊन पायऱ्या चढायच्या, पलीकडे उतरायच्या आणि तो अखंड परीक्षकांपुढे ठेवायचा. हा टोफू इतका नाजूक असतो, की त्याच्याकडे रागाने पाहिलं तरी कोपरा ढासळतो. सरावात रोज टोफू फुटायचा, आणि अन्न वाया घालवायचं नाही म्हणून फुटलेला टोफू हेमचंद्र घरी आणायचा. जयंतीने आधी त्याची भुर्जी केली, मग कोफ्ते केले, मग तो थालीपिठात लपवला. लपवलेला टोफू त्यांच्या मुलीने, केतकीने, पहिल्याच घासाला ओळखला. केतकी इथेच वाढली, हायस्कुलात आहे. घरात मराठी प्रश्नाला जपानी उत्तर देते आणि फार राग आला तरच मराठीत येते.

त्या दिवशी ती मराठीत आली. "बाबा, तुला दोआगे हवाय हे तुझ्या पोरांना कळलंय का?"

हेमचंद्र म्हणाला, छे, मी कुणाला कशाला सांगू. केतकीने विचारलं, मग रोज संध्याकाळी तू साखर सोडून बागेत का पळतोस. हेमचंद्रने तब्येतीचं कारण पुढे केलं.

"आणि तो मागायचा नसतो," केतकी म्हणाली. "मागितला की संपतो." एवढं बोलून तिने टोफू ताटाच्या कडेला सरकवला आणि पुन्हा जपानीत गेली.

स्पर्धा तोंडावर आली असताना कचऱ्याचं प्रकरण झालं. जपानात माणसाची ओळख त्याच्या कचऱ्यावरून ठरते. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, प्लास्टिक धुऊन वेगळं. शाळेच्या इमारतीचे केअरटेकर आजोबा या बाबतीत अतिशय कडक, पण यंत्रमंडळावर त्यांची माया होती. कार्यशाळा संध्याकाळी सहाला बंद करायचा नियम असताना ते आठपर्यंत दाराकडे पाठ करून बसायचे. एके दिवशी प्लास्टिकच्या डब्यात त्यांना आंबलेला टोफू सापडला. टोफू म्हटल्यावर यंत्रमंडळ, असं समजून ते कार्यशाळेत आले आणि हळू आवाजात म्हणाले, जरा लक्ष द्यायला हवं.

हेमचंद्रने चष्मा वर सरकवला. करंगळी मोडली: आमचा टोफू मऊ, हा घट्ट. अनामिका: आमचा फुटलेला टोफू मी घरी नेतो, हवं तर माझ्या बायकोला फोन लावा. मधलं बोट: खालच्या मजल्यावर पाकशास्त्राचा वर्ग आहे, आणि काल त्यांच्याकडे टोफूच होता. अंगठ्यापर्यंत जाण्याची गरजही पडली नाही. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, आपलं चुकलं म्हणाले, वाकले आणि गेले. हेमचंद्रने पोरांकडे अशा नजरेने पाहिलं, की टाळ्या वाजल्या तर हरकत नाही. पोरं खाली पाहत होती.

दुसऱ्या दिवसापासून कार्यशाळा सहाच्या ठोक्याला बंद होऊ लागली. आजोबा दारात उभे राहायचे, घड्याळाकडे बोट दाखवून नम्रपणे हसायचे. नियम तोच होता. हेमचंद्रला त्यात वाद घालायला जागाच सापडेना, आणि वाद नसलेल्या भांडणात काय करायचं हे टिपणीसांच्या घरात कुणी शिकवलेलं नव्हतं. यंत्र अजून तिसऱ्या पायरीवर अडखळत होतं. पोरं सहाला दप्तरं उचलून निघायची.

आठवडाभराने दार पुन्हा आठपर्यंत उघडं राहू लागलं. हेमचंद्र खूश. आपले मुद्दे आजोबांना उशिरा का होईना पटले, असं त्याने जयंतीला सांगितलं. शेवटी सत्य मुरायला वेळ लागतोच. हे सत्य काय होतं ते त्याला चिनात्सुने सांगितलं, तेही त्याने फारच खोदून विचारल्यावर. कुरिहारा-सेन्सेई मिठाईचा खोका घेऊन केअरटेकरांकडे गेले होते. वाकून म्हणाले, टोफू आमच्याच पोरांचा होता, पुन्हा असं होणार नाही.

हेमचंद्रने चष्मा वर सरकवला. "पण तो आपला नव्हता."

"नव्हता," चिनात्सु म्हणाली.

"म्हणजे न केलेला गुन्हा त्यांनी कबूल केला. तुमच्या नावावर."

"हो." तिने हातातली वायर खाली ठेवली. "सेन्सेई, तुमचंच बरोबर होतं. कुरिहारा-सेन्सेईंचं चूक होतं. पण खोली मिळाली."

ती पुन्हा वायरिंगला लागली. हेमचंद्र खिडकीपाशी उभा राहिला. आतापर्यंत त्याला कुरिहारांच्या आयत्या लोकप्रियतेचा राग होता. आता कळलं, की ती आयती नाही. हा राग पहिल्यापेक्षा वाईट. न कमावलेलं यश मिरवणाऱ्याचा हेवा करताना माणसाला निदान स्वतःबद्दल बरं वाटत असतं. ज्याने कमावलंय त्याचा हेवा करायचा म्हणजे पोटातही जळायचं आणि वर मानही डोलवायची. मग त्याला एकेक आठवू लागलं: पोरं बाइतोवर उशिरा पोचली तर कुरिहारा दुकानाच्या मॅनेजरपुढे वाकायचे, ग्रंथालयाचं पुस्तक भिजलं तर तिथे वाकायचे, शेजारच्या इमारतीला कॉम्प्रेसरचा आवाज गेला तर तिथेही जाऊन वाकायचे. कोमोनचं इथलं खरं काम हे होतं, आणि इतकी वर्षं कोमोन असलेल्या हेमचंद्रला ते कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही. त्या वेळी तो बोलत असणार.

बाथरूमच्या आरशापुढे हेमचंद्र वाकण्याचा सराव करतो आहे, हे आधी केतकीला दिसलं. तिने आईला बोलावलं. दोघी दारात उभ्या राहून बराच वेळ पाहत होत्या. जयंती म्हणाली, पाठ सरळ ठेव, तू काहीतरी शोधतोयस असं वाटतंय.

स्पर्धेच्या दिवशी संघाबरोबर मैदानात एकाच शिक्षकाला उभं राहता येतं. दंडाला पिवळी पट्टी बांधायची असते. हेमचंद्रने ती सकाळी गाडीतच बांधली होती, न जाणो कुणी मागायचं. कुरिहारा थर्मास घेऊन प्रेक्षकांत बसले. पहिली फेरी सुरळीत गेली. यंत्र तुरुतुरु पायऱ्या चढलं, उतरलं आणि टोफू नुसता थरथरला. दुसऱ्या फेरीत स्पर्धेच्या स्वयंसेवकाने यंत्राच्या थाळीत टोफू ठेवला तेव्हा हेमचंद्र अगदी समोर होता. टोफू ठेवतानाच स्वयंसेवकाचा अंगठा लागला आणि मागचा कोपरा दुभंगला. हेमचंद्रने पाहिलं, चिनात्सुने पाहिलं, आणि सुजनने पाहिलं. सुजन हा मंडळातला नेपाळी मुलगा. त्याच्याशी हेमचंद्र हिंदीत बोलतो, त्यामुळे त्याला इतरांपेक्षा दुप्पट सल्ले मिळतात. पण घंटा वाजली होती, यंत्र निघालं होतं. त्याने सुरेख चढण केली, सुरेख उतरण केली आणि टोफू परीक्षकांपुढे ठेवला. मुख्य परीक्षकांनी भिंग लावून कोपरा पाहिला. टोफू फुटलेला. फेरी बाद.

हरकत घ्यायची तर पुढचा संघ चौथऱ्यावर चढायच्या आत घ्यायची, असा नियम होता. घ्यायची ती शिक्षकाने किंवा संघप्रमुखाने. पोरांनी एकदम हेमचंद्रकडे पाहिलं. त्या नजरेत चिंता नव्हती. आपल्या घरात फ्यूज उडाला आणि वायरमन सोफ्यावरच बसलेला आहे, तेव्हा माणसं जशी बघतील तशी ती बघत होती. वर्षभर ज्या क्षणासाठी हा माणूस बोलतोय, तो क्षण आला होता.

आणि हेमचंद्र वाकला.

पाठ सरळ, हात मांड्यांशी, आरशापुढे केलं होतं तसंच. परीक्षकांना म्हणाला, आमची तयारी अपुरी पडली, आपल्याला त्रास झाला, क्षमा असावी. परीक्षकसुद्धा चमकले. गेल्या वर्षीचा हाच तो भारतीय शिक्षक, हे त्यांना आठवत होतं आणि त्यांनी बहुधा नियमावली हाताशी ठेवली होती. हेमचंद्र ताठ झाला आणि कौतुकाच्या अपेक्षेने पोरांकडे वळला. मनातून त्याला वाटत होतं, आता बघा, मलाही येतं.

पोरांचे चेहरे पांढरे पडले होते. सुजन त्याच्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, आज आप चुप क्यों?"

चिनात्सुने हेमचंद्रकडे पाहिलं, पुढचा संघ आपलं यंत्र उचलत होता तिकडे पाहिलं, आणि ती सरळ परीक्षकांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. मग तिने एक गोष्ट केली. तिला चष्मा नाही, तरी तिने बोटाने नाकावरचा चष्मा वर सरकवला. आणि करंगळी मोडली.

आवाज हळूच होता, पण सभागृह इतकं शांत झालं की तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पहिला मुद्दा, टोफू मागच्या कोपऱ्यात फुटलाय आणि आमचं यंत्र पायऱ्यांवर पुढे झुकतं, त्यामुळे धक्का बसला असता तर पुढचा कोपरा गेला असता. दुसरा मुद्दा, फटीत अंगठ्याचा ठसा आहे आणि आमच्या यंत्राला अंगठा नाही. तिसरा मुद्दा, समोरच्या खांबावर तुमचाच कॅमेरा आहे. प्रत्येक मुद्द्याआधी ती 'क्षमा असावी' म्हणत होती आणि प्रत्येक मुद्द्यानंतर परीक्षक थोडे थोडे मागे टेकत होते. चौथं बोट मोडायच्या आत त्यांनी हात वर करून कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं.

हेमचंद्र जागच्या जागी थिजला होता. टिपणीसांच्या घराण्यातला एक वाद त्याच्या डोळ्यांदेखत जिंकला जात होता, आणि तो जिंकणारा टिपणीस नव्हता. त्याला अभिमान वाटला हे खरं. पण त्याही आधी, अगदी क्षणभर, चिनात्सुचाच हेवा वाटला. तिसरा मुद्दा त्याला सुचला नसता.

फेरी पुन्हा झाली. या वेळी टोफू मुख्य परीक्षकांनी स्वतः, श्वास रोखून, थाळीत ठेवला. संघ अंतिम फेरीत गेला, तिथे गिफूहून आलेल्या एका शाळेने त्यांना चक्क दोन सेकंदांनी हरवलं, आणि दुसरा नंबर मिळाला. मंडळाच्या इतिहासातला सगळ्यात वरचा. निकाल लागला तशी पोरं ओरडत सुटली. कुरिहारा प्रेक्षकांतून खाली आले होते. हेमचंद्रने पुढचं सगळं ओळखलं. त्याने दंडावरची पट्टी सोडली, पोरांच्या बॅगा उचलून घेतल्या आणि भिंतीला लागून उभा राहिला, म्हणजे कुरिहारांना उडवायला मोकळी जागा मिळेल. चेहऱ्यावर त्याने एक उदार हसू आणून ठेवलं. ते फारसं टिकणार नव्हतं, पण तेवढा वेळ पुरलं असतं.

पोरं त्याच्यापाशी येऊन थांबली. सुजनने त्याच्या हातातल्या बॅगा काढून घेतल्या. कुणी पाय धरले, कुणी खांदे. हेमचंद्र 'अरे, अरे, पाठ' एवढंच म्हणू शकला, तेही मराठीत.

तो उडाला. फार उंच नाही, पोरांची कुवत आणि बागेतलं पळणं बघता टीचभरच म्हणायला हवं. पण पाठीखाली काही नव्हतं हे नक्की. पहिल्या फेकीला त्याला छताचे दिवे दिसले आणि डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या फेकीला त्याने चष्मा नीट धरला आणि खाली पाहिलं, आपल्याला कोण कोण उडवतंय ते एकदा बघून ठेवावं म्हणून. चिनात्सु त्यांत नव्हती.

तिसऱ्या फेकीला ती दिसली. पलीकडे कुरिहारांच्या शेजारी उभी होती. त्यांच्या कानाशी काहीतरी सांगत होती, आणि कुरिहारा मान हलवून नक्कीच 'अस्सं?' म्हणत होते. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो क्षण अंगाखाली चालू होता आणि हेमचंद्र हवेत मान वाकडी करून त्या दोघांचे ओठ वाचायचा प्रयत्न करत होता. चौथी फेक त्याने पूर्ण होऊच दिली नाही. पोरांना वाटलं सेन्सेईंना चक्कर आली. त्यांनी त्याला अलगद उभं केलं.

तो कपडे झटकत थेट कुरिहारांकडे गेला. "ती काय म्हणत होती तुम्हाला?"

कुरिहारा-सेन्सेई म्हणाले, "परीक्षकांशी फार उद्धटपणे बोलले का, जाऊन माफी मागावी का, असं विचारत होती. मी म्हटलं, तुझ्या कोमोनना विचार." त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. "टिपणीस-सेन्सेई, इतक्या वर्षांत माझ्या पोरांनी माझ्याकडून वाकायला शिकून घेतलं. आज ती पोरगी तिकडे उभी होती, तेव्हा मला बघवेना. इतका हेवा वाटला तुमचा."

हे ऐकून हेमचंद्रला आत कुठेतरी गार वाटायला हवं होतं. वाटलंही. पण हेवा वाटल्याचंसुद्धा हा माणूस इतक्या सहज आणि सुंदर सांगतो, हे आपल्याला का जमत नाही, असंही त्याच्या मनात आल्यावाचून राहिलं नाही.

चिनात्सु समोर येऊन उभी होती. तिने तोच प्रश्न त्याला विचारला.

"आपलंच बरोबर होतं," हेमचंद्र म्हणाला. "तिन्ही मुद्दे."

"हो, सेन्सेई."

"मग जाऊ या माफी मागायला."

तिघं परीक्षकांच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले, मधे चिनात्सु, दोन्ही बाजूंना दोन शिक्षक. परीक्षक गडबडीने उठले. तिघं एकदम वाकले. हेमचंद्रने वाकल्या वाकल्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून कुरिहारांचं डोकं कुठवर आलंय ते पाहिलं, आणि आपलं त्याहून दोन बोटं खाली नेलं.